बनूबाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र

नाव: सौ. कुंदा श्यामकांत ठोसर. वय: ४४ वर्षे. धंदा: घरकाम. राहणार: अंबरनाथ (पूर्व). दिनांक: १७ मे १९९१.

मी पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता आपल्या पायांनी आले आहे आणि समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी पती व सासूबाई यांच्यासह राहते. पती श्यामकांत कारखान्यात अधिकारी आहेत. माझं मंगळसूत्र चोरीला गेलेलं नाही. मला कोणी फूस लावलेली नाही आणि बाटवलेलं तर मुळीच नाही. हवालदारसाहेब म्हणाले, हे शेवटी लिहू. मी ते आधी लिहायला लावलं, कारण उंबरपाड्यावरच्या बनूबाई आनंदा वाघे हिला चोर म्हणून आणून सकाळपासून बाहेर जमिनीवर बसवलेलं आहे. आमच्या घरच्या तक्रारीवरून आणलं, याची मला लाज वाटते.

मी उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये शिवणाच्या क्लासला जाते. क्लास घेणाऱ्या मीनल भांबळ ख्रिस्ती आहेत. त्यांच्या चर्चची माणसं दर मे महिन्यात चार दिवस रजा काढून गरिबांना घरं बांधून देतात. यंदा बदलापूरच्या पुढे उंबरपाड्यावर तीन घरं बांधायची होती. मीनलताई सहज म्हणाल्या, "हात कमी पडतायत हो." मी म्हटलं, "माझे दोन आहेत की!" बोलून गेले आणि माझं मलाच नवल वाटलं. घरी पतींना विचारलं. त्यांनी पेपरातून मान न काढता "हं" केलं. आमच्याकडे "हं" म्हणजे हो. बावीस वर्षं माझा संसार त्या "हं"वरच चालला आहे. तेव्हा मी न सांगता गेले, हे पतींचं म्हणणं मला मान्य नाही.

दिनांक १४ रोजी सकाळी कॅम्प नं. ३ मधून टेम्पो निघाला. मी मागे सिमेंटच्या पोत्यांवर बसले होते. चर्चच्या मंडळींनी गाणी सुरू केली. मला शब्द येत नव्हते, मी टाळ्या वाजवल्या. बदलापूर मागे पडल्यावर रस्ता असा काही होता की टेम्पो उडाला आणि मी मोठ्याने किंचाळले. शाळा सुटल्यापासून मी इतक्या मोठ्याने किंचाळलेली नाही. हवालदारसाहेब म्हणतात, बाई, मुद्द्याचं बोला. मला आनंद झाला होता, हाच मुद्दा आहे. फूस लावून नेलेली बाई टाळ्या पिटत जाते का?

पहिल्या दिवशी मी पाणी वाहिलं. दुसऱ्या दिवशी हातात थापी मिळाली. बनूबाईचा नवरा आनंदा वीटभट्टीवर कामाला असतो. त्यांच्याच घराची मागची भिंत मला दिली. ओळंब्याची दोरी सोडून पाहिली तर माझी भिंत बाहेर कललेली. आनंदा म्हणाला, "ताई, ही भित तर गावाला निंगाली!" सगळे हसले, मी तर पोट धरून हसले. पाडली, पुन्हा रचली. संध्याकाळी भिंत माझ्या खांद्याला आली. साहेब, मी जन्मभर रांधते आहे. केलेलं सगळं रात्री भांडी घासेपर्यंत संपून जातं. सकाळी उठून पाहिलं तर ही भिंत तिथंच! मी जाऊन तिच्यावर हात फिरवून आले. हे जसंच्या तसं लिहावं.

काल तिसऱ्या दिवशी सिमेंट कालवताना माझं मंगळसूत्र सारखं घमेल्यात लोंबत होतं. मण्यांत सिमेंट जाऊन बसलं. म्हणून मी ते काढलं आणि वाशाच्या खिळ्याला अडकवू लागले. बनूबाई पाण्याचा हंडा टाकून धावत आली. म्हणाली, "अगो ताई, खिळ्याला नको टांगूस! ज्याच्या नावाची पोत, तो जिता हाय ना?" मी म्हटलं, "आहे की, चांगला ठणठणीत आहे." ती म्हणाली, "मंग ती सवाष्णीच्या आंगावच ऱ्हायला होवी. आन हिकडं." तिने आपल्या काळ्या पोतीवर माझं मंगळसूत्र घातलं आणि पदर सारखा केला. काम पुरं होईपर्यंत ते तिथंच ठेवायचं ठरलं. माझ्या आईलाही हे सुचलं नसतं.

दुपारी माझे धाकटे दीर गुरुदत्त स्कूटरवरून मला बघायला आले. तेव्हा जेवणाआधीची प्रार्थना चालू होती. मी हात जोडून उभी होते. दुसरे देवाचं नाव घेत असताना मी काय कमरेवर हात ठेवून उभी राहू? माझं कुंकू घामाने गेलं होतं, कपाळ सिमेंटने पांढरं, गळा मोकळा. बनूबाई वाढायला वाकली तसं तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र पुढे आलं. दिरांनी एवढंच पाहिलं आणि स्कूटर वळवली. मी हाका मारल्या, "अहो भाऊजी, जेवून तरी जा!" ते थांबले नाहीत. घरी जाऊन त्यांनी सांगितलं की वहिनी बाटल्या आणि पाड्यावरच्या बाईने दागिना लुबाडला. पतींनी तेवढ्यावर तक्रार दिली. डोंगर पोखरून उंदीर काढतात, इथे उंदीरही नाही.

आज सकाळी पोलीस पाड्यावर आले, काम बंद करवलं आणि बनूबाईला घेऊन आले. मी टेम्पोने मागोमाग आले. तिला मंगळसूत्र काढून द्यायला सांगितलं असता तिने दिलं नाही, असं हवालदारसाहेब म्हणतात. ते खरं आहे. मी तिला विचारलं, का गं दिलं नाहीस? ती म्हणाली, "तुझ्याच हातात दीन. तुझा नवरा शिपायाच्या हातात कशाला दिऊ?" हे ऐकून मला रडू आलं. तक्रारदार म्हणून ठाण्यात आलेले पती माझ्या बाजूलाच उभे होते, त्यांनीही ऐकलं.

आज चौथा, शेवटचा दिवस आहे. दोन घरं पुरी झाली. बनूबाईच्या घराच्या भिंती झाल्या, वासे चढले, कौलं खाली रचून ठेवलेली आहेत. उद्या सगळ्यांना कामावर हजर व्हायचं आहे. आज कौलं चढली नाहीत तर बनूबाईने पावसाळा उघड्या भिंतींत काढायचा आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत तसंच राहायचं.

पती तक्रार मागे घेतो म्हणाले. "दागिना घे आणि घरी चल, लोक काय म्हणतील?" असंही म्हणाले. मी म्हटलं, "तुमचं आयुष्य जिने कालपासून गळ्यात जपलंय, तिला तुम्ही चोर म्हणालात. लोकांचं मग बघू."

बनूबाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र मला दाखवण्यात आलं. ते माझंच आहे, मी ओळखलं. ते ताब्यात घेण्यास मी नकार देते. कौलं चढवताना मला पुन्हा ते काढावंच लागेल, आणि ठेवायला त्या गळ्याइतकी खात्रीची जागा मला माहीत नाही. बनूबाईला आत्ता माझ्याबरोबर सोडावं.

हा जबाब हवालदारसाहेबांनी बाहेर बनूबाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच उतरला आहे, कमीजास्त काही नाही. बाहेर टेम्पो चालू आहे, म्हणून सही उभ्यानेच करते.

सही/-
सौ. कुंदा श्यामकांत ठोसर