भोंगा आणि फुसकी पेटी

चिखलीच्या बसस्टँडवर शालूबाई सुलतानपूरच्या गाडीची वाट पाहत होती. शेजारी एका जोडप्यानं नवाकोरा भोंगा, अँप्लिफायर आणि एक जुनी बाजाची पेटी आणून ठेवली. त्यातल्या बाईनं पेटीचा भाता हलवला मात्र, तिचा पारा चढला.

"हे काय उचलून आनलं तुमी?"

"दुकानात वाजवून पाह्यली मी, रुख्मिणी."

"दुकानाच्या बाजूले कापसाचं जिनिंग धडधडून राह्यलं. तिथं काय आयकू आलं तुमाले? भात्यातून हवा जाते. सुराच्या आंधी फुसफुस येते."

"वर्गणीत दोनी चांगले बसत नव्हते. म्हून भोंगा चांगला घेतला."

"काऊन? गानारी मी. मले इचारलं होतं?"

"मांगच्या जयंतीले पाटील काय म्हने? तुमचं गानं आमच्या ओट्यापर्यंत येतबी नाही, म्हने. औंदा येईन."

"फुसफुस येईन. भोंगा चांगला हाय, सगळीच्या सगळी येईन."

शालूबाईची गाडी लागली. ती जागची हलली नाही.

"पेटी वापस घेत नाही तो दुकानवाला."

"भोंगा तं वापस घेईन तो. अजून कोराच हाय. तो द्या अन् चांगली पेटी आना."

"अन् मंग पाटलाच्या ओट्यापर्यंत काय जाईन?"

"मी जाईन. पेटी घेऊन ओट्यापुढं उभी राहीन अन् तिथंच गाईन."

नवऱ्यानं भोंगा खांद्यावर घेतला.

"आता कुठं निघाले? आंधी जिनिंग बंद होऊ द्या."