पायाखाली भोक असलेला हत्ती

बसा. पंख्याचं बटन दाबू नका, लाईट न्हाई. सकाळपासून आभाळ दाटलंय, वारं साफ पडलंय — झाडाचं पान हलत न्हाई आन मान्सं बसल्याजागी भिजत्यात. तुमी पुन्याहून गार गाडीतून आला, तुमाला आमचं सोनई गाव जड जाईल. पानी घ्या. न्हाई, नाणं दावनार न्हाई. रविवारी लिलावाआधी दोन तास टेबलावरच हुतं की, समदे भिंग घेऊन फिरत हुते. तवा तुमी का न्हाई बघितलं? मीच सांगतो. यादीत 'भोक असलेले' छापलं हुतं. तेवढं वाचलं आन पान उलटलं.

मला वाचता येत न्हाई, साहेब. शेजारचा दानीएल मास्तर वाचून दावतो, संगं येतो. बारा वर्सं यस्टीनं लिलावाला जातोय आमी. खिशात दोन हजार, त्यातच भाडं. तुमच्यासारखे नंबराची पाटी मांडीवर घेऊन बसत्यात, चकचकीत नाणं आलं की एकमेकाकडं बघून लाखाच्या गोष्टी — आन जेवान लागलं की समदे ताटाकडं. भोकाची नाणी त्याच वक्ताला काढत्यात. कोन बघतंय? मी आन मास्तर भाकरीचं फडकं सोडून बसलेले. माझ्या एकट्याचीच पाटी वर. हातोडा पडला तवा तुमच्या तोंडात गुलाबजाम हुता. बघितलाय मी.

आता म्हनता नाण्यावर हत्तीच्या वरची अक्षरं शाबूत हायेत, असं दुसरं घावायचं न्हाई, पाचपट देतो. कवा दिसली अक्षरं? मोबाईलवर फोटू मोठा केला तवा. समोर ठेवलेलं दिसत न्हाई आन फोटूतलं दिसतंय — असली तुमची नजर. वर इचारता, कुन्या अडान्यानं भोक पाडलंय, तेबी हत्तीच्या पायाखाली, गळ्यात घातलं की हत्ती उलटा. व्हय, अडानीच. त्यो मीच.

नांगराला लागलं हुतं, चाळीस वर्सं झाली. कडंला फाळाचा घाव हाय, त्यावरनंच रविवारी वळखलं. सुताराकडून भोक पाडून घेतलं, पर धरताना मीच उलटं धरलं. काळ्या दोऱ्यात ओवून बायकूच्या, रंगुबाईच्या गळ्यात घातलं, तर समदी आळी हसली. दुसरं भोक पाडू म्हनलं. मालकीन म्हनली, "ऱ्हाऊ द्या. मी मान खाली घातली की मला सरळच दिसतोय." हाय का हे तुमच्या पुस्तकात? राजा कोन, टाकसाळ कुठली, वजन किती, समदं लिहिता. गळ्यात घालनारीला ते कसं दिसतंय, हे इचारायचं कुनाच्या डोक्यात येत न्हाई.

मग लिलावात कसं आलं? हरवलं हुतं. दोरा तुटला, बांधावर पडलं. तिनं लई हुडकलं — म्हंजे, मला घावलं हुतं. खिशात टाकलं, घरी जाऊन देनारच हुतो. वाटंतच जुन्या वस्तू घेनारा भेटला. त्याच्याकडं लांब उजेडाची बॅटरी हुती. दिलं. तुमाला हसतोय मी, पर एका बॅटरीवर भाळलेलं मानूस हाय हे. वर्सात गंजली ती. संध्याकाळी तिनं इचारलं, तर मला न्हाई दिसलं म्हनलो. तेवढंच म्हनलो. आन हे तुमाला कशाला सांगत बसलोय?

व्हय, खिशातच हाय. रविवारपासून हाय. तिला कुठं म्हाईत? दिलं की इचारल ना, कुठं घावलं. लिलावात पाटी झटक्यात वर केली, साहेब, हितं नाणं खिशातनं निघत न्हाई. देईन, आज देईन.

उठा आता. पाकीट आत ठेवा. पाचपट न्हाई, पन्नासपट दिलं तरी न्हाई. ती बगा, उसाच्या कडंनं यायला लागली. गाडी जरा मागं घ्या, तिला वाट द्या. आन तिच्यापुढं नाण्याचं काय बोलू नका, ते माझं मी बोलीन. रविवारी यस्टीत मास्तरला मी म्हनलो, घावलं एकदाचं, फिटलं समदं. त्यो खिडकीतून भाईर बघत म्हनला, "रंगुकाकू अजून बांधानं खाली बघत चालतात, तात्या. आधी ते थांबवा."