साहेबांचे गॅलिस आणि माझा अँटेना

...आणि वर म्हणतात काय, तर पाच मिनिटांचं काम आहे! अहो, तुम्हाला सांगतो, पाच मिनिटांत कटिंग चहा गार होत नाही, आणि इथे विमानाचा अँटेना बदलायचा! विमान म्हणजे ते मोठं नव्हे हां, आमच्या जुहूच्या क्लबचं, चार माणसांचं. त्याच्या शेपटावर दोन मिशा असतात, आकाशात वाट सापडावी म्हणून. त्या गंजल्या. मग मिशा बदला, तिथपासून पार पायलटसमोरच्या रेडिओपर्यंत नवी केबल ओढा, शेपटाच्या पोटात रांगत जाऊन चौदा क्लिपा मारा... आणि हे खुर्चीतून म्हणणार, 'जयवंत, पाच मिनिटांचं काम आहे रे!'

हे म्हणजे आगाशे साहेब, आमचे इन्स्पेक्टर. मी केलेलं काम तपासून सही करणारे. तपासून! वडा खाता खाता लांबूनच विचारणार, 'झालं ना?' की मारली सही!

आता ऐका. त्या शनिवारी पाच वाजता मला मुलुंडला मुलगी बघायला जायचं होतं. कुंदा. आधी दोनदा ठरलं, आणि दोन्ही वेळा साहेबांची पाच मिनिटं आडवी आली! तिच्या वडिलांनी, भाऊरावांनी, निरोप धाडलेला, 'आता उशीर झाला तर येऊच नका.' आमची आई सकाळी भांडुपच्या घरातून ओरडतेय, 'जयवंता, ह्या वेळाक तरी वेळार पोच रे!' आणि मला ना, मुलगी फोटोतच आवडली होती हो! खोटं कशाला बोलू? इस्त्रीचा शर्ट पिशवीत घालून नेला होता.

आणि बारा वाजता साहेब आले! 'जयवंत, तो अँटेना आजच...' डोकंच सणकलं. म्हटलं, आज ह्या माणसाला सोडायचं नाही! कोपरं सोलून घेतली, पण साडेतीनला चौदाच्या चौदा क्लिपा मारून बाहेर. साहेबांनी पेन काढलं. म्हटलं, 'थांबा साहेब! नियम आहे. सही करणाऱ्याने आत जाऊन डोळ्यांनी बघायचं.'

'अरे, तुझ्यावर विश्वास आहे ना माझा!'

'नको साहेब. पाच मिनिटांचं तर काम आहे!'

अहाहा! काय तोंड झालं हो! सगळं हँगर बघतंय, माघार घेणार कशी? शिरले. आधी डोकं गेलं, मग पोट... पोट कसलं, बूच बसलं भोकाला! मी बाहेर मजेत शर्ट बदलतोय, तर आतून आवाज, 'जयवंत! मला कोणीतरी धरलंय!'

कोण धरणार? त्यांचे गॅलिस, पँट सावरणारे खांद्यावरचे पट्टे! माझ्याच सातव्या क्लिपेत अडकलेले! पुढे सरकले की केबल ताणायची, मागे सरकले की पँट. म्हटलं, 'कापतो गॅलिस.' आतून गर्जना, 'खबरदार! मेहुण्याने दुबईहून आणलेत! तू केबल सोडव... पाच मिनिटांचं काम आहे रे!'

सोडवली. पण तोवर साहेबांनी धडपडून केबलची पार वाट लावलेली, आणि पिळवटलेली केबल चालत नाही. नियम! नियम कोणी काढला? मी! परत नवी केबल, परत चौदा क्लिपा. सूड माझा, आणि कोपरंही माझीच!

त्यात साकीनाक्याला टॅक्सी तुंबली. मुलुंडला पोचलो साडेसातला, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि कानाला ग्रीस. टीव्हीवर मराठी सिनेमा चाललेला, म्हणजे आवाज सिनेमाचा, चित्र नुसत्या मुंग्यांचं. भाऊराव मुंग्यांवरची नजर न हलवता म्हणाले, 'येऊ नका म्हटलं होतं.'

मी सगळं सांगून टाकलं. अँटेना, केबल, गॅलिस, सगळं! आतल्या खोलीत कोणीतरी फिस्सकन हसलं. कुंदाच ती! जीव भांड्यात पडला माझा. भाऊराव मात्र हसले नाहीत.

'विमानाचा अँटेना बसवता तुम्ही?'

'हो.'

'केबलसकट?'

'हो...'

ते उठले, गच्चीची किल्ली माझ्या हातावर ठेवली, म्हणाले, 'मग आमचाही बघा जरा. मुलगी काय, खाली आल्यावर बघालच. पाच मिनिटांचं काम आहे!'

लग्नाला तीन वर्षं झाली. भाऊरावांच्या सोसायटीत छत्तीस बिऱ्हाडं आहेत हो, आणि गच्चीवर छत्तीस अँटेना. दर शनिवारी सिनेमाच्या आधी किल्ली माझ्या हातात. साहेबांना एकदा तरी शेपटात घातलं... सासऱ्याला कुठे घालू, सांगा!