मुकी गाडी

आमचं मूळ गाव ईट, भूम तालुक्यातलं. चौथीत असताना अब्बा गेले, शाळा सुटली, मग जिथं काम तिथं म्या, असं करत करत येडशीला आलो आन् टेशनावर एका मालकाच्या बैलगाडीवर गाडीवान झालो. निजामाचं राज जाऊन थोडीच सालं झाली हुती. परक्या गावात आपलं म्हणावं असं कुणी न्हाय, गाडीखालीच निजायचं, आन् काय सांगू तुम्हाला, मालकानं नुसती हाक मारली तरी वाटायचं, आता कामावरनं काढतोय.

एकदा सोलापूरहून मास्तर लोकांचा घोळका आला, संगं एक बाई. त्यांना रामलिंगाकडच्या माळावरची काळवीटं बघायची हुती. मालक म्हणला, रसूल, ही माणसं खूश गेली तर दर साली येतील, नाराज गेली तर तू आपला ईटला जा. म्या काय केलं, बैलांच्या गळ्यातल्या घंटांत चिंध्यांचे बोळे कोंबले. जनावर आवाजाला भितं, एवढं तर मला कळत हुतं की. चोरपावलानं गाडी नेली, तर काळवीटं दिसली न दिसली तोच उड्या मारत पार. परत गेलो, परत तसंच. सांजच्या रेल्वेनं त्यांना जायचं हुतं.

दुपारी बैलांना पाणी दावायला विहिरीवर थांबलो. तिथं बिरूमामा धनगर मेंढरं घेऊन बसलेले, सारी जिंदगी त्याच माळावर गेलेला माणूस. बैलांकडं बघून म्हणले, का रं, घसा बसलाय का ह्यांचा? म्या खरं ते सांगितलं. मामा म्हणले, अरे येड्या, वाजत जाणारी गाडी काळविटाच्या रोजच्या वळखीची हाय, मुकी गाडी बघून ते भितंय, गुपचूप येतो तो शिकारी न्हवं का?

बाईंनी विचारलं, मामा, तुम्ही येता का? मेंढरं भावाच्या हवाली करून मामा बैलांच्या अंगानं चालायला लागले. बोळे काढले. मामा सांगत गेले, सरळ अंगावर जाऊ नको, घराकडं निघाल्यावानी आडवी धर, थांबू नको, बैलांवर रोजच्यावानी वरड. म्या आपला हळूच, चल रं, चल रं. म्हणले, शिव्या दे की लेका, बाईंची लाज वाटती व्हय? बाई म्हणल्या, द्या हो, मी कान झाकते.

आन् घंटा वाजत, शिव्या देत, आमी वळसा घेत घेत कळपाच्या इतकं जवळ गेलो की काळ्या नराच्या शिंगांचे पीळ दिसाय लागले. त्यानं मान वर केली, आमच्याकडं बघितलं, आन् परत चरायला लागला. बाईंनी कान झाकलेले हात तसेच तोंडावर नेले. टेशनावर मास्तर मालकाला म्हणले, पुढच्या साली हीच गाडी आन् रसूल न् मामा हेच दोघं.

आता म्या बायकोला ईटहून आणलंय, येडशीतच ऱ्हातो. मास्तर लोक अजून येतात. मामांना दिसायचं बंद झालंय, तरी त्यांना गाडीत पुढं बसवतो. कळप कुठं, वारा कुणीकडचा, माना वर का खाली, ते म्या सांगायचं, आन् गाडी कुठं वळवायची ते मामांनी. अल्ला त्यांना लई हयाती देवो. वळण चुकलं की आता शिव्या मला पडतात, बैलांना न्हाय. बरं वाटतं. परक्या गावात हक्कानं शिव्या देणारं आपलं कुणीतरी हाय.