क्लाउडचं बिल आणि माझी दहा दिवसांची रजा

नाही पण मी म्हणतो, कंपनी एक, महिना एक, बिल एक, मग आकडे चार कसे? आणि ते जुळवायला मी एकटाच का? तुम्हाला सांगतो, चार वर्षांनी दहा दिवसांची रजा मंजूर झाली होती, बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या, बायकोने माझ्या चपलासुद्धा पिशवीत कोंबलेल्या... आणि निघायच्या आदल्या दिवशी साहेबांचं बोलावणं! साहेब बोलतात कसे, तर गुळण्या करता करता बोलल्यासारखे. "क्लाउडचं बिल दुप्पट झालंय! कोण उडवतंय पैसे? उद्या दुपारपर्यंत मला नाव पाहिजे. ज्याचं नाव सगळ्यात वर, तो इथे बसून एकेक मशीन तपासणार, नको ते बंद करणार. रजाबिजा काही नाही!" मी म्हटलं, अगदी बरोबर, साहेब! चांगलं ठणकावून म्हटलं. आता यात माझं काय चुकलं, सांगा!

क्लाउड म्हणजे ढगबिग काही नसतं हो. दुसऱ्याची कॉम्प्युटरं भाड्याने घ्यायची, बस्स. मीटर टॅक्सीसारखा पळतो, फरक इतकाच की तुम्ही उतरून घरी जाऊन जेवलात तरी तो पळतच असतो! आता कुणाच्या मशीनचा मीटर किती पळाला हे शोधायचं, तर कुठला कागद खरा मानायचा?

आधी गेलो अकाउंट्सच्या बाईंकडे. बाई चष्म्यावरून बघतात, आणि त्यांनी नुसतं बघितलं तरी आपण काहीतरी चोरलंय असं वाटतं. "हे बिल. एक पान. खाली बेरीज." मी म्हटलं, पण बाई, कुणी किती वापरलं ते यात कुठंय? "ते मला काय माहीत? मी पैसे भरते, मशीन वापरत नाही!" झालं! म्हणजे बिलात आकडा आहे, माणूस नाही.

मग गेलो ढगोबाकडे. ढगोबा म्हणजे आमची क्लाउडवरची मशीनं बघणारा, सगळा हॉल त्याला ढगोबाच म्हणतो. तो कधी डोळे वर करून बोलत नाही, एका सुरात पुटपुटतो. "तासातासाची फाइल घ्या... चाळीस लाख ओळी आहेत... सवलत त्यात धरलेली नाही..." चाळीस लाख! ती फाइल उघडली आणि माझ्या लॅपटॉपचा पंखा असा काही घरघरला की शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "जरा बंद करता का, माझे कागद उडतायत!" वर बेरीज बाईंच्या बेरजेशी जुळेना ती जुळेनाच. ढगोबाच्या पडद्यावर तिसराच आकडा. साहेबांच्या तक्त्यात चौथा, आणि तो कुठून आला ते खुद्द साहेबांनाही ठाऊक नाही! मी सगळ्यांना खरं काय ते विचारत फिरतोय आणि सगळे माझ्यावरच खेकसतायत. आता यात माझं काय चुकलं, सांगा!

आणि तेवढ्यात मला सुचलं. लेबल! प्रत्येक मशीन घेताना एक फॉर्म भरावा लागतो, त्यात रकाना असतो 'मालक'. ते नाव त्या मशीनला चिकटतं, कायमचं. म्हणजे तासातासाच्या फाइलीतला खर्च घ्यायचा आणि लेबलावरच्या नावावर टाकायचा. माणूस आपोआप सापडतो!

दुसऱ्या दिवशी मीटिंग. बाई म्हणतायत बिल धरा, ढगोबा पुटपुटतोय, "लेबलं... जरा बघून घ्या हं..." मी ऐकतोय कुठला! मी टेबलावर मूठ आपटली. अहो, पाण्याचा ग्लास लवंडला! म्हटलं, "माणूस थापा मारेल, लेबल मारणार नाही! लेबल म्हणेल तोच गुन्हेगार!" साहेब खूश. "शाब्बास! लाव यादी पडद्यावर."

लावली.

एकाहत्तर टक्के मशीनं एकाच नावावर. ढगोबाने आयुष्यात पहिल्यांदा डोळे वर केले, आणि बघितलं ते माझ्याकडे. माझं नाव, हो! माझं! सगळ्यात वर, ठळक अक्षरात! अहो, माझ्याकडे एक मशीन नाही, मी कॅलक्युलेटरसुद्धा बाईंचा मागून वापरतो!

मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी हेच साहेब म्हणाले होते, "लोकांना फॉर्म भरता येत नाही. तू एक नमुना भरून पाठव सगळ्यांना." मी भरला. मालक कोण? नमुन्याला घातलं आपलं नाव. आणि या भल्या माणसांनी तीन वर्षं तोच फॉर्म उचलला, मशीनचं नाव बदललं, आणि मालक... मालक तसाच ठेवला! साहेबांना सगळं सांगितलं, तर म्हणतात, "लेबल थापा मारत नाही, तूच म्हणालास ना?"

बायकोला फोन केला. "सापडलं का नाव?" सापडलं. "कुणाचं?" मी विचारलं, बॅगा अजून दाराशीच आहेत का? तिने काय ओळखायचं ते ओळखलं. "बरं. आम्ही निघतो मुलांना घेऊन. तुझ्या चपला दाराशी काढून ठेवते."

तर आता हॉलमध्ये मी, आणि माझ्या मालकीची बाराशे मशीनं. आणि साहेब जाता जाता काय म्हणाले, माहितीये? "तुझी ही पद्धत झकास आहे. दर महिन्याला करू. लोकांना कळायला एक नमुना अहवाल भरून पाठव." पहिलाच रकाना आहे, 'जबाबदार व्यक्ती'. रिकामा तर ठेवता येत नाही ना... भरला.

आता यात माझं काय चुकलं... नको. सांगू नका.