सुनबाईचा रंगीत धोपा

माहेर माह्यं सडक अर्जुनीकडलं. लगीन होऊन नवेगाव बांध या गावाले आली, तवापासून धान आन् परसातली कोचई, यातच जिंदगी गेली ना जी. कोचई म्हणजे तुमचं अळू, त्याच्या पानाले आमी धोपा म्हणतो, त्याच्या वड्या करतो. पान पाहूनच खालचा कंद केवढा झाला ते सांगतो मी. एवढी हुशार, आन् तरी घोटाळा केलाच, आता काय सांगू तुमाले.

पोराचं लगीन झालं, सून आली गोंदियाची, हिंदी बोलणारी. गुणाची पोरगी, पण चार घास खाये आन् चुप बसे. तिच्या मायनं तिले एक कुंडी देली होती, पानं धोप्यावानीच, पण मंधात लालभडक आन् काठाले हिरवी. सून त्याले कॅलेडियम म्हणे, माह्या जिभेवर बसत नाही ते. सकाळी उठली का पयले तिकडे जाये, त्याच्यासंगच दोन गोष्टी करे, आमच्यासंग नाही. मले वाटलं हा शहरातला धोपा हाय, माहेरची चीज हाय, याच्या वड्या केल्या तं पोरगी पोटभर जेवन. सारी पानं कापली ना मी, एकबी नाही ठेवलं.

पयल्याच घासाले गळ्यात काटे टोचल्यावानी झालं, सारे थुकून राहिले, चिंच चाटून राहिले. सुनेनं इचारलं, मम्मीजी, ये पत्ते कहाँ से लाये. मी कुंडी दाखवली. रडली नाही ते, ताट सारून कुंडीपाशी जाऊन बसली. आमचा बुढा म्हणे, धोप्यावर पाणी मोत्यावानी घरंगळते, याच्यावर पसरते, एवढंबी नाही पायलं काय तू. मले लय वाईट वाटलं जी. खाऊ घालाले गेली आन् पोरीची एकुलती सोबतीण कापून टाकली.

मंग सून कुंडी फेकाले निघाली, मर गया म्हणे. मी म्हटलं थांब वो माय, पान मरते, कंद नाही मरत. उकरून दाखवला, टणक होता. मी त्याले कोचईवानी मोरीच्या चिखलात लावाले निघाली, तं तिनंच अडवलं, सड जायेगा म्हणे. मंग दोघीनं मिळून कुंडी आंब्याच्या सावलीत ठेवली, पाणी बेतानं घातलं. पंधरा-वीस दिवसानं लाल सुरळी निघाली, तवा हासली. दिवाळीनंतर पानं गळाली तं पुन्हा घाबरली. झोपलं ते, म्हटलं मी, कोचईच्या बियाण्यासंग कोरड्या राखेत ठेवू. उन्हाळा सरता सरता डोळे फुटले त्याले.

औंदा चार कंद झाले. एक तिनं मायसाठी बांधून ठेवला. काल फोनवर सांगून राहिली, मम्मी, हमारे घर का कंद भेज रही हूँ, छाँव में रखना. आता देला कोणं होता, तिच्या मायनंच ना. पण मी काऊन बोलू. चुलीजवळ उभी राहून आयकत होती. हमारे घर म्हणे. खुशाल राह्य बाई, सुखानं राह्य.