दहाव्याचं भाषण

हल्ली दहाव्याला श्रद्धांजलीसुद्धा मोबाइलमध्ये बघून वाचतात राव! आमच्या निमगाव केतकीत ते भाषण तात्यांचंच. त्यांनी माईक धरला की अबोला धरलेले भाऊबंदसुद्धा रडायचे.

एकदा चहा पिताना त्यांचे दोस्त आबा म्हणाले, "तात्या, माझ्या दहाव्याचं आत्ताच बोला की. मेल्यावर मला कुठं ऐकू येतंय?"

तात्या खरंच उभे राहिले. "आबा आज आपल्यात न्हायत..." अशी सुरुवात केली, आणि थोड्याच वेळात आबाच धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले!

पण आधी गेले तात्याच. त्यांच्या दहाव्याला लोकांनी आबांना उभं केलं. माईक धरून आबा एवढंच म्हणाले, "माझं भाषण तात्या करून गेलं. आता त्यांचं कोण करनार?"